ऑडिओ समीक्षेत "पडदा उठला" म्हणजे नेमकं काय झालं?

कानोसा

हेडफोन, स्पीकर, डॅक (डिजिटल फाइलचा विद्युत-सिग्नल करणारं यंत्र), अ‍ॅम्प्लिफायर यांवर हौसेने लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याच भरवशावर बाकीचे लोक खरेदी करतात. म्हणून हा विषय नीट चर्चेला यावा असं वाटतं.

"आवाजावरचा पडदा उठला." "मिड्स मधाळ आहेत." "बास घट्ट आणि वेगवान." "साउंडस्टेज भिंतींच्या पार." दहा समीक्षांमधली उपकरणांची नावं झाकून ही वाक्यं आपापसांत बदलली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. वर ही वाक्यं मुळात आपली नाहीत. इंग्रजी समीक्षांतून उचलून मराठी क्रियापदं जोडलेली असतात.

भाषा अलंकारिक आहे ही माझी तक्रार नाही. तीन गोष्टी सांगितलेल्या नसतात, ती तक्रार आहे: तुलना कशाशी केली, आवाज किती ठेवला होता, आणि कोणत्या ध्वनिमुद्रणातल्या कोणत्या जागी हे ऐकू आलं. एवढं कळलं तर वाचणारा तीच जागा स्वतः ऐकून पडताळू शकतो. नाहीतर विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, तिसरा मार्ग राहत नाही.

तर प्रश्न असा: हौशी समीक्षेत किमान काय असायलाच हवं? आणि काय नसलं तरी चालेल?

ओहम्

किमान एकच गोष्ट निवडायची तर आवाजाची पातळी जुळवणं. बाकी सगळं त्यानंतर.

दोन उपकरणांत १ डेसिबलचा फरक असेल तर माणसाला "हे मोठ्याने वाजतंय" असं सहसा वाटत नाही. त्याला वाटतं की हे जास्त स्वच्छ आहे, जास्त खोल आहे, बारकावे जास्त दिसतात. म्हणजे "पडदा उठला" हे वाक्य बहुतेक वेळा १ डेसिबलमधून जन्माला येतं. १ डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये फक्त १२ टक्के. व्हॉल्यूमच्या बटणावर ते डोळ्यांना कळतसुद्धा नाही.

करायचं असं. दोन अ‍ॅम्प्लिफायर किंवा दोन डॅक तपासायचे असतील तर ४०० हर्ट्झची साइन वेव्ह लावा. स्पीकर जोडलेले राहू द्या आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. पहिल्यावर २.०० व्होल्ट आणि दुसऱ्यावर २.०५ व्होल्ट आले तर फरक ०.२१ डेसिबल. अजून खाली आणा. २.०० आणि २.०२ म्हणजे ०.०९ डेसिबल, हे चालेल. डिजिटल व्हॉल्यूमची पायरी अर्ध्या डेसिबलची असेल तर बटणाने तिथवर पोचताच येत नाही. मग उरलेला फरक प्लेअरमधल्या गेनने ०.१ डेसिबलच्या पायरीने भरून काढा.

दोन्ही चॅनेल वेगवेगळे मोजा. फिरत्या पॉटचं बटण अगदी खालच्या टोकाला असतं तेव्हा डावं-उजवं सारखं नसतं आणि त्याचं खापर "इमेजिंग"वर (कोणता आवाज कुठून येतो या भासावर) फुटतं.

तारस्वर

सहमत. बॅलन्स्ड जोडणीबद्दलची (एकच सिग्नल सुलट-उलट असा दोन तारांतून नेण्याच्या पद्धतीबद्दलची) निम्मी मतं इथेच निकालात निघतात. पुष्कळ डॅकमध्ये साध्या आरसीए जोडणीवर २ व्होल्ट आणि बॅलन्स्ड एक्सएलआरवर ४ व्होल्ट येतात. हा सरळ ६ डेसिबलचा फरक झाला. केबल बदलली, आवाज "मोकळा" झाला, आणि समीक्षेत श्रेय बॅलन्स्ड रचनेला गेलं. ६ डेसिबल कमी करून पुन्हा ऐकलं असं लिहिलेलं नसेल तर तो परिच्छेद सोडून पुढे जावं.

निषाद

कानोसा यांच्या प्रश्नाशी सहमत, उत्तराच्या दिशेशी नाही.

वाचणाऱ्याला प्रयोगशाळेचा अहवाल नको असतो. हे उपकरण घरी आणलं तर रोज संध्याकाळी गाणं ऐकावंसं वाटेल का, हे त्याला हवं असतं. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये 'स्टिरिओफाइल' काढलं तेच यासाठी. त्या काळची मासिकं बहुतेक मोजमापं छापत आणि उपकरण ऐकायला कसं आहे याबद्दल फारसं बोलत नसत. ऐकून लिहायचं ही परंपरा आळसातून आलेली नाही. आकडे जे सांगत नव्हते ते सांगण्याच्या गरजेतून ती आली. होल्ट यांनी पुढे शब्दांचा एक कोशच केला आणि प्रत्येक शब्दाला अर्थ बांधून दिला.

म्हणजे अनुभव लिहिणं चूक नाही. अर्थ न बांधता शब्द वापरणं चूक आहे. ही दोन्ही एकाच पारड्यात टाकू नयेत.

कानोसा

@निषाद, मान्य. "अर्थ न बांधता शब्द" हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं मांडलंत.

रेझिस्टर_४७के

मोजमापवाल्यांचीही एक सवय इथे सांगायला हवी. फक्त सिनॅडच्या (सिग्नल आणि त्यातला गोंगाट-विकृती यांचं प्रमाण, डेसिबलमध्ये) आकड्यावरून डॅकची उतरंड लावायची आणि ११८ वाला ११२ वाल्यापेक्षा "चांगला" म्हणून मोकळं व्हायचं. शांत खोलीतला आवाजच ३० डेसिबलच्या आसपास असतो. गाण्यातले सर्वांत मोठे आघात १०५ डेसिबलला पोचले असं धरलं तरी खोलीच्या वर ७५ डेसिबलचीच जागा उरते. कान खोलीच्या गोंगाटाखालचंही थोडं ऐकतो, म्हणून अजून वीसेक डेसिबल सोडा. त्याच्या पलीकडचा फरक अभियांत्रिकीचं कौतुक म्हणून छान आहे, पण तो ऐकू येतो असं सुचवणं हे "मधाळ"इतकंच निराधार.

याउलट जो आकडा खरोखर ऐकू येतो तो समीक्षेत नसतो: आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे स्रोताचा स्वतःचा विद्युत-अडथळा. समजा इयरफोन एका फ्रिक्वेन्सीला ८ ओहम आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीला ४० ओहम आहे. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर असलेल्या इयरफोनमध्ये असे चढउतार असतात. स्रोताचं आउटपुट इम्पीडन्स १० ओहम असेल तर पहिल्या ठिकाणी इयरफोनला ०.४४ पट व्होल्टेज मिळतं, दुसऱ्या ठिकाणी ०.८० पट. हा ५ डेसिबलचा फरक. तोच इयरफोन १ ओहमच्या स्रोतावर लावला तर फरक ०.८ डेसिबल. म्हणजे दोन समीक्षक एकाच इयरफोनबद्दल "ट्रेबल टोचतो" आणि "ट्रेबल मंद आहे" असं लिहितात, तेव्हा दोघेही खरं बोलत असू शकतात. स्रोत कोणता आणि त्याचं आउटपुट इम्पीडन्स किती, ही एक ओळ लिहिली असती तर वाचणाऱ्यांची भांडणं वाचली असती.

ढोबळ नियम: स्रोताचं आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावं.

मुखडा

वाचनखूण साठवली आहे. एक शंका: बर्न-इनबद्दल लिहावं की नाही? "शंभर तास वाजवल्यावर खुलला" असं फार वाचायला मिळतं.

ओहम्

@मुखडा, स्पीकरच्या कोनाचं सस्पेन्शन सुरुवातीला थोडं सैल होतं, हे खरं आहे आणि मोजताही येतं. पण त्यातलं बरंचसं सुरुवातीच्या वापरातच होऊन जातं. हेडफोनमध्ये खरा बदल पॅडचा असतो. फोम दबला की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, कातडं मऊ पडून सील सुधारतं आणि बास बदलतो. डॅक आणि केबल शंभर तासांनी खुलतात याला मात्र आधार नाही.

त्या शंभर तासांत सगळ्यात जास्त बदलतो तो ऐकणारा. नव्या आवाजाला तो सरावतो. हे तपासायला उलटा बदल करावा: दोन आठवडे नवं उपकरण ऐकून मग जुन्याकडे परत जायचं. पहिल्या दिवशी टोचलेली गोष्ट आता जुन्यात उणीव म्हणून जाणवते का, ते पाहायचं. समीक्षेत हे दोन्ही दिवस लिहावेत.

मुखडा

धन्यवाद, पॅडचं लक्षात नव्हतं आलं.

घुमारा

निषाद यांनी शब्दांचा विषय काढलाच आहे तर त्यावर थोडं. आपल्याकडे आवाजासाठी उत्तम शब्द पडून आहेत आणि आपण "वॉर्म", "ब्राइट", "एअरी"च्या मागे धावतोय. खणखणीत, ठसठशीत, भरदार, पातळ, चिरका, किनरा, कोंदट, बोदा, घोगरा, फाटका. हे प्रत्येक मराठी वाचकाला कानाने कळतात, शब्दकोश लागत नाही. फक्त कुठला शब्द कुठल्या पट्ट्याबद्दल वापरतो आहोत ते ठरवून घ्यायला हवं. माझी मांडणी अशी:

"कोंदट" म्हणजे २०० ते ५०० हर्ट्झमध्ये जास्त भर, डब्यात बोलल्यासारखं. "पातळ" म्हणजे तोच पट्टा कमी. "किनरा" म्हणजे १ ते २ किलोहर्ट्झ पुढे आलेला, आवाज नाकातून आल्यासारखा. "चिरका" ३ ते ५ किलोहर्ट्झ. "बोदा" म्हणजे सगळं वरचं टोक बसलेलं, तबल्यावर ओलसर हवेत थाप मारल्यासारखं.

आणि तबल्यावरून आठवलं. "तबल्याचा बास अप्रतिम" असं सर्रास लिहितात. काळी एकला मिळवलेल्या तबल्याचा स्वर सुमारे २७७ हर्ट्झ. तो बास नव्हेच. बास डग्ग्यात आहे. लिहिणाऱ्याला डग्गा म्हणायचं असेल तर डग्गा लिहावं, कारण समीक्षेसाठी ही दोन वाद्यं पूर्णपणे वेगळी माहिती देतात. तबल्याची चाट (कडेवर वाजवलेला बोल) वरच्या पट्ट्यातली कडा दाखवते. शाईमुळे तबल्याचे उपस्वर मूळ स्वराच्या जवळजवळ नेमक्या पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच मांडलं होतं. म्हणून चांगल्या स्पीकरवर चाटेतून स्वर ऐकू येतो, नुसता ठोका नाही. मधेच एखाद्या पट्ट्यात खळगा असेल तर चाट कोरडी होते.

डग्ग्याचा घिस्सा तर फुकटचं मोजमाप आहे. हाताच्या टाचेने स्वर सलग वर-खाली सरकतो. कुठल्या एका उंचीवर तो अचानक फुगला किंवा गायब झाला तर तो खोलीचा किंवा स्पीकरचा दोष.

निषाद

@घुमारा, फार आवडला प्रतिसाद. "किनरा"च्या पट्ट्याबद्दल मात्र थोडं वेगळं मत आहे. माझ्या कानाला किनरेपणा ८०० हर्ट्झपासूनच सुरू होतो. पण पट्टा सांगितल्यामुळेच मला असहमत होता आलं. "वॉर्म"बद्दल असा वाद घालताच येत नाही.

अवांतर: मराठी निवेदन किंवा गाण्याचे स्पष्ट बोल हेसुद्धा उत्तम चाचणीसाहित्य आहे. आपल्याकडे दोन च आहेत. "चेहरा" मधला तालव्य च सुटताना श कडे झुकतो, "चाक" मधला दंततालव्य च सुटताना स कडे. श ची ताकद साधारण अडीच-तीन किलोहर्ट्झपासून सुरू होते, स ची पाचच्या आसपास आणि त्याच्या वर. हे दोन च वेगळे ऐकू येत नसतील तर ३ ते ८ किलोहर्ट्झमध्ये काहीतरी बसलंय. आणि "चाक", "सांज", "सूर" प्रत्येक वेळी शिट्टी मारत असतील तर ६ ते ८ मध्ये शिखर आहे. हे लिहायला मोजमापाचा माइक लागत नाही.

घुमारा

@निषाद, दोन च! हे थेट वापरतो. इंग्रजी समीक्षांत हे असणंच शक्य नाही.

तारस्वर

इयरफोनच्या बाबतीत एक सावधगिरी. ८ किलोहर्ट्झच्या आसपासचं शिखर इयरफोन कानात किती खोल गेला त्यावर सरकतं. टिप बदलली, दोन मिलिमीटर आत-बाहेर झालं की शिट्टी येते किंवा जाते. म्हणून टिपचा प्रकार आणि माप लिहिणं गरजेचं. तसंच कानावरून बसणाऱ्या हेडफोनला चष्मा. चष्म्याच्या काडीमुळे पॅडखाली फट राहते आणि १०० हर्ट्झच्या खालचा बास गळतो. समीक्षक चष्मा लावतो की नाही हे मी कुठेच वाचलेलं नाही, आणि बासबद्दलच्या मतभेदांचं ते एक साधं कारण असू शकतं.

आलेखांबद्दलही. आयईसी ६०३१८-४ या मानकाचा, इयरफोन मोजायचा कृत्रिम कान (जुन्या नावाने ६०७११) आठ-दहा किलोहर्ट्झच्या वर भरवशाचा नाही. आणि एका यंत्रणेवर काढलेला आलेख दुसऱ्या यंत्रणेवरच्या आलेखावर ठेवून तुलना करू नये. हे दोन आलेख हौशी समीक्षांत शेजारी-शेजारी हमखास दिसतात.

समेवर

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न ऐकण्याचा आहे. डोळे बंद करून चाचणी न करता लिहिलेलं मत हे माझ्या मते मतच नव्हे.

ध्वनिसंशोधक टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हार्मन या ऑडिओ कंपनीत हे करून दाखवलं. त्याच लोकांना तेच स्पीकर पडद्याआड आणि उघड्यावर असे दोन्ही प्रकारे ऐकवले. उघड्यावर गुण बदलले. स्पीकरचा आकार आणि नाव आवाजावर मात करून गेलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्पीकरची जागा बदलल्यावर जो फरक पडद्याआड जाणवत होता, तो समोर स्पीकर दिसताना कमी जाणवला. म्हणजे डोळे उघडे असताना नसलेलं ऐकू येतं, आणि असलेलं ऐकू येत नाही.

संगणकावर फूबार२००० या प्लेअरमध्ये एबीएक्स (दोनपैकी कोणता आवाज वाजतोय हे न पाहता ओळखायची चाचणी) आहे, कुणीही करू शकतं. १६ फेऱ्या. १२ बरोबर आल्या तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांपेक्षा कमी. १० फेऱ्यांत ८ बरोबर पुरेसे नाहीत, ती शक्यता साडेपाच टक्के होते. फेऱ्यांची संख्या सुरुवात करण्याआधी ठरवायची. जमेपर्यंत खेळत राहायचं आणि जमलं की थांबायचं, याला चाचणी म्हणत नाहीत.

निषाद

@समेवर, चाचणीला विरोध नाही. पण "मतच नव्हे" हे टोकाचं आहे. एबीएक्समध्ये फरक सापडला नाही याचा अर्थ त्या माणसाला, त्या तुकड्यावर, त्या दिवशी सापडला नाही, एवढाच. आणि स्पीकर किंवा हेडफोनमध्ये फरक असतो हे सगळ्यांना मान्यच आहे, तिथे प्रश्न आवडीचा आहे. हेडफोन डोक्यावर असताना वजनावरूनच कळतं कोणता आहे, आंधळी चाचणी करणार कशी?

समेवर

हेडफोनचं मान्य. डॅक, केबल, अ‍ॅम्प्लिफायर आणि फाइलचा प्रकार यांवर मात्र मी ठाम आहे. कारण तिथले दावे मोठे असतात आणि फरक लहान.

उदाहरण हाय-रेझचं, म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकाईने साठवलेल्या ध्वनीचं. मेयर आणि मोरान यांचा २००७ चा प्रयोग: हाय-रेझ ध्वनीच्या वाटेत मध्येच सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला. ५५४ फेऱ्यांत बरोबर उत्तरं ४९.८ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखी. २०१६ मध्ये राइस यांनी अठरा प्रयोग एकत्र करून १२,५०० हून अधिक फेऱ्यांचं गणित मांडलं. तिथे ५२.३ टक्के आले. म्हणजे काहीतरी असेलही, पण "रात्र आणि दिवसाचा फरक" नक्की नाही. समीक्षेत या दोन आकड्यांच्या मधली भाषा हवी.

ओहम्

हाय-रेझची तुलना करताना आणखी एक चूक सर्रास होते. दोन वेगवेगळ्या फाइली घेतात आणि त्यांचं मास्टरिंगच (प्रकाशनाआधीचं अंतिम ध्वनिसंस्करण) वेगळं असतं. करायचं असं: २४ बिट ९६ किलोहर्ट्झची फाइल घ्या, तिची डिदरसह (बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेला बारीक गोंगाट) १६ बिट ४४.१ करा, मग ती पुन्हा २४/९६ करा. आता दोन्ही फाइलींचा साचा एक, डॅक एकाच गतीने चालतो, बदलताना टिक् आवाज येत नाही. या दोन फाइली एबीएक्सला घाला. "सीडीपेक्षा हाय-रेझ सरस" असं लिहिणाऱ्याने हे केलं होतं का, एवढं विचारलं तरी पुरे.

कोनाडा

खोलीबद्दल अजून कुणीच बोललं नाही. स्पीकरच्या समीक्षेत २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली आपण ऐकतो ते बरंचसं खोलीचं असतं. ४ मीटर लांबीच्या खोलीचं पहिलं अनुनादन ४३ हर्ट्झला. स्पीकर भिंतीपुढे ६० सेंटीमीटर असेल तर मागून परत येणारी लाट १४३ हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला खोडते (३४३ भागिले अंतराची चौपट).

आता गंमत बघा. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात जोडाच्या (मधल्या दोन) तारा सुमारे १३९ हर्ट्झला असतात. म्हणजे त्या जागी ठेवलेल्या कोणत्याही स्पीकरवर जोडाचं मूळ कंपन भिंत खाऊन टाकते. समीक्षक लिहितो "तानपुरा पोकळ वाटला, स्पीकरच्या मिड्समध्ये जीव नाही". स्पीकर भिंतीपासून मीटरभर पुढे ओढला तर तो खड्डा ८६ हर्ट्झवर जातो आणि तोच स्पीकर भरदार होतो.

म्हणून तीन अंतरं लिहा: मागची भिंत, बाजूची भिंत, कान. शक्य असेल तर आरईडब्ल्यू हे मोजणीचं सॉफ्टवेअर आणि मोजणीचा माइक घेऊन बसायच्या जागेचा आलेख काढा. नाही जमलं तरी तीन अंतरं पुरतील, बाकीचं वाचणारा गणिताने काढेल.

सुई

खोलीइतकंच दुर्लक्ष रेकॉर्डवाल्यांकडून कार्ट्रिजच्या (सुई धरून सिग्नल देणाऱ्या भागाच्या) जोडणीकडे होतं. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज ५०० मिलिहेन्रीचं असेल आणि केबल व फोनो इनपुटची धारकता मिळून ३०० पिकोफॅरड असेल, तर विद्युत अनुनादन १३ किलोहर्ट्झला येतं. १५० पिकोफॅरड केले तर १८ किलोहर्ट्झच्या वर जातं. "कार्ट्रिज तिखट आहे" हे मत पुष्कळदा केबलबद्दलचं असतं. टोनआर्मचंही तसंच. त्याचं अनुनादन काढायला एकूण वस्तुमान आणि कम्प्लायन्स (सुईची लवचिकता) यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्या आणि त्याने १५९ ला भागा. १८ ग्रॅम आणि १५ कम्प्लायन्स म्हणजे ९.७ हर्ट्झ, छान. ८ ते १२ च्या बाहेर गेलं तर "बास सुटा नाही" म्हणत कार्ट्रिजला नावं ठेवू नयेत.

रेझिस्टर_४७के

केबलचं निघालंच आहे तर स्पीकर केबलचंही सांगतो, म्हणजे त्या समीक्षा वाचताना मोजपट्टी हाती राहील. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, ३ मीटर. जाऊन-येऊन ६ मीटर, रोध सुमारे ०.०४ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरवर घट ०.०९ डेसिबल. ०.७५ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.१४ ओहम आणि घट ०.३ डेसिबल. म्हणजे फार बारीक केबलचा परिणाम खरा आहे, पुरेशी जाडी असली की त्यापुढचे दावे खरे नाहीत. समीक्षकाने केबलची जाडी आणि लांबी लिहिली नसेल तर बाकीचं वाचून उपयोग नाही.

तीव्रमध्यम

पैशाचं कुणीतरी बोला. नग विकत घेतला, उसना आला की भेट? परत द्यायचाय का? दुव्यावरून खरेदी झाली तर वाटा मिळतो का? प्रकाशनाआधी मजकूर कंपनीला दाखवला का? ही चार उत्तरं समीक्षेच्या वर हवीत, तळाला बारीक अक्षरात नकोत.

आणि याहून मोठा दोष दिसत नाही. न आवडलेला नग समीक्षक न लिहिता परत पाठवतो. त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं, तरी वाचकासमोर फक्त स्तुती उरते. त्यामुळे "हेही आलं होतं, लिहावंसं वाटलं नाही, कारण डाव्या-उजव्यात दीड डेसिबलचा फरक होता" अशी एक ओळ फार मोलाची आहे. निवडक चांगला नग पाठवण्याचा संशयही अशाच माहितीने कमी होतो: अनुक्रमांक शेवटच्या आकड्यांशिवाय का होईना द्यावा, आणि दुसऱ्या कुणाच्या नगावर तेच मोजमाप आलं का ते विचारावं.

कानोसा

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता मूळ प्रश्नाकडे येऊन एक नमुना करून बघतो. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, कुठल्या खऱ्या स्पीकरचे नाहीत.

नेहमीचं वाक्य: "बास घट्ट, मिड्स मधाळ, ट्रेबल हवेशीर. पडदाच उठला!"

त्याच्या जागी:

"खोली ४ बाय ३ मीटर. स्पीकर मागच्या भिंतीपासून १ मीटर, बाजूच्या भिंतीपासून ७० सेंटीमीटर, कान २.१ मीटरवर, ट्वीटर कानाच्या उंचीला. तुलनेला त्याच आकाराचा दुसरा दोन-मार्गी स्पीकर, त्याच जागी ठेवून. ५०० ते २००० हर्ट्झच्या पिंक नॉइझवर (पातळी मोजायला वापरतात तो सलग खरखराट) दोन्ही ७५ डेसिबलला आणले. नग विकत घेतलेला. चाचणी उघड्या डोळ्यांनी.

तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा दोन्हींवर सारख्या भरदार. खर्जाच्या तारेला (६९ हर्ट्झ) हा स्पीकर हलका पडतो. डग्ग्याचा घिस्सा खाली उतरताना शेवटचा तुकडा दुसऱ्यावर ऐकू येतो, यावर नाही. गायकाच्या आवाजात कोंदटपणा नाही. 'चाक' आणि 'चेहरा' मधले च स्पष्ट वेगळे, पण ८० डेसिबलच्या वर नेल्यावर प्रत्येक स टोचायला लागतो. ट्वीटरच्या अक्षापासून १५ अंश बाहेर वळवल्यावर ते थांबलं. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला आवडेल. मोठ्याने ऐकणाऱ्याने आधी वळवून पाहावा."

कसं वाटतंय?

समेवर

"चाचणी उघड्या डोळ्यांनी" हे लिहिलंत, त्याबद्दल मनापासून दाद. एवढं कबूल केलेलं असलं की मी मत वाचायला तयार आहे. वरचं "मतच नव्हे" मागे घेतो.

निषाद

चांगलं आहे, पण "रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला आवडेल" इथे मला शंका आहे. आवाज हळू केला की कानाला बास आणखी कमी ऐकू येतो. फ्लेचर-मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या समान-तीव्रतेच्या वक्रांचा तोच मुद्दा. हा स्पीकर खर्जाला आधीच हलका आहे. तर हळू ऐकणाऱ्याला तो टोचणार नाही हे खरं, पण पातळ वाटेल. शिफारस करताना दोन्ही लिहा.

कानोसा

बरोबर. शेवट बदलतो: "हळू आवाजात टोचत नाही, पण पातळ वाटतो. त्या वापरासाठी ८० हर्ट्झच्या खाली दोन-तीन डेसिबल वाढवून ऐकावा. मोठ्याने ऐकणाऱ्याने आधी वळवून पाहावा."

कोनाडा

वाढवताना वूफर छोटा असेल तर जपून. ३ डेसिबल वाढवणं म्हणजे त्या पट्ट्यात दुप्पट वॉट आणि कोनाची हालचाल दीडपटीपेक्षा थोडी कमी. हळू आवाजात चालतं, मोठ्याने वाजवताना ती वाढ काढून टाका. समीक्षेत हेही एका ओळीत यावं.

मुखडा

पिंक नॉइझची पातळी जुळवायला फोनमधलं अ‍ॅप चालेल का? मोजणीचा माइक सगळ्यांकडे नसतो.

ओहम्

@मुखडा, तुलनेसाठी चालेल, आकडा छापण्यासाठी नाही. फोन हातात धरू नका, स्टँडवर कानाच्या जागी पक्का बसवा आणि दोन्ही स्पीकरच्या वेळी तो हलू देऊ नका. अ‍ॅपमध्ये आपोआप गेन बदलण्याची सोय बंद असल्याची खात्री करा. ३० सेकंदांची सरासरी घ्या, क्षणाक्षणाला नाचणारा आकडा घेऊ नका. मग लिहिताना "७५ डेसिबल" न म्हणता "दोन्ही एकाच पातळीवर, फोनने जुळवून" असं लिहा.